आढाव्याचं प्रकरण आणि एआय: कुणी करून बघितलंय का?

तासिकावाला, अंबाजोगाई:
माझ्या प्रबंधाचा विषय १९७२चा दुष्काळ आणि बीड जिल्ह्यातली रोजगार हमीची कामं. पूर्वसंशोधनाचा आढावा महिनाभरात द्यायचाय. तासिका तत्त्वावर शिकवतो, रात्रीचे दोन तास मिळतात, त्यात लाइट जाते. एका चॅटबॉटला संदर्भ मागितले. पंधरा दिले, लेखक, साल, पानं सगळं झकास. शोधायला बसलो तर सहा सापडेचनात! एक लेखक खरा निघाला, पण तो लेख त्यानं लिहिलेलाच नाही. यादी तशीच सरांपुढं ठेवली असती तर? शोधगंगेवरचे (विद्यापीठांच्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) मराठी प्रबंध त्याला दिले, तर वाचता येत नाही म्हणायलंय. नाद सोडू का?

ग्रंथालयातला, परभणी:
भाऊ, संदर्भ त्याला मागायचे नसतात, आपण द्यायचे असतात. गूगल स्कॉलर, सिमँटिक स्कॉलर या शोधनिबंधांच्या साइटवर स्वतः शोधा, पीडीएफ उतरवा, नोटबुकएलएममध्ये टाका; ते गूगलचं एआय, आपण दिलेल्या फायलींतून उत्तर देतं. उत्तरासोबत आकडे येतात, आकड्यावर क्लिक केलं की मूळ परिच्छेद दिसतो. तो वाचल्याशिवाय एक ओळही वहीत घेऊ नका.
प्रबंधातला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसली तर तो श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला. मशीनला ती खिचडीच दिसते. मजकूर आजच्या युनिकोड फॉन्टमध्ये बदलून देणारा कन्व्हर्टर लागेल. काहीच कॉपी होत नसेल तर स्कॅन आहे. दहा-दहा पानांचे तुकडे करून गूगल ड्राइव्हवर चढवा, गूगल डॉक्समध्ये उघडा, मजकूर निघतो. जोडाक्षरं मात्र डोळ्यांनी तपासा.

उदगीरची ताई:
इंग्रजी लेखांसाठी एलिसिट हे एआय बघा. पद्धत, नमुना, निष्कर्ष असा तक्ता करून देतं. माझ्याकडं ऐंशी लेख होते, त्यातले साठ बाजूला काढायला उपयोग झाला. उरलेले वीस मीच वाचले, त्याला इलाज नाही. आणि साल तपासा हो! माझ्या सारांशात 'रोजगार हमी कायदा, १९७२' आलं होतं. ७२ला योजना होती. कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. तुमचा तर विषयच तो, व्हायव्हात नेमकं तिथंच धरतील.

तासिकावाला, अंबाजोगाई:
काल ड्राइव्हवर चाळीस पानं काढली. मजकूर बराच चांगला आला. फक्त एका ठिकाणी 'सुकडी'ची (कामावर वाटायचा तो पौष्टिक आहार) 'सुकटी' झाली. म्हणजे बीडच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांना सरकार सुका मासा वाटत होतं! आई स्वतः त्या कामावर होती, तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "मिळाली असती तर खाल्ली असती की."