मडगावला सुनीलला बाकावर बसवलं तर काय बिघडतं?

आमखासचा गोली, छत्रपती संभाजीनगर
मंगळवारी, १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्ड्यात भारताची सिंगापूरशी फुटबॉल मॅच, आशियाई चषकाच्या पात्रतेची. आपले तीन सामन्यांत दोन गुण. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशशी ०-०, जूनमध्ये हाँगकाँगला भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर हार, आणि परवा ९ तारखेला सिंगापुरात १-१. गटातून एकच संघ २०२७ च्या आशियाई चषकाला सौदीला जाणार आणि हाँगकाँगचे सात गुण झालेत. मडगावला हरलो की दुकान बंद.

परवाचा गोल पुन्हा एकदा बघा. आपले दहाच जण उरलेले, नव्वदावं मिनिट, त्यांच्या माणसानं स्वतःच्या गोलीकडं ढिला पास दिला. तो चेंडू आपला नव्हताच. बदली म्हणून आलेला रहीम अली तरी त्याच्यामागं धावला आणि गोल झाला. मी वीस वर्षं गोली म्हणून उभा राहिलोय. असा पास आला की समोरचा स्ट्रायकर अंगावर येणार की कंबरेवर हात ठेवून बघत राहणार, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. येणारा असेल तर आमचे पाय लटपटतात, खरं सांगतो.

म्हणून माझं म्हणणं: रहीम सुरुवातीपासून, सुनील छेत्री शेवटचा अर्धा तास. आणि बचावातल्या संदेश झिंगनच्या परवाच्या लाल कार्डाला जिगर म्हणून टाळ्या वाजवणं बंद करा. एक पिवळं अंगावर असताना मध्यंतरानंतर लगेच दुसरं? इतक्या वर्षांच्या अनुभवी माणसाकडून?

परभणीचा डावखुरा
भाऊ, एका गोलवरून माणसाची वृत्ती ठरवायलात का? मग सुनीलचे ९५ गोल काय बसल्या जागी झाले? मागच्या मोसमात आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) भारतीयांत सगळ्यात जास्त गोल कोणाचे होते? चाळिशीतल्या माणसाचे! जून २०२४ ला कोलकात्यात रडत निरोप घेतला, नऊ महिन्यांत परत बोलवावं लागलं, काहून? तर गोल करणारा दुसरा गावला नाही म्हणून. आला आणि मालदीवविरुद्ध पहिल्याच मॅचला गोल मारला. आता तुम्ही म्हणता बाकावर बसवा.

आमखासचा गोली
मालदीव सोडा हो. मालदीवला आमचं छावणीतलं पोरगंपण गोल मारेल. (बरं, नाही मारणार. पण मुद्दा समजून घ्या.) प्रशिक्षक खालिद जमीलनं मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपला सुनीलला नेलंच नव्हतं. तिथं ताजिकिस्तानला त्यांच्याच घरात हरवलं, ओमानला पेनल्टीवर काढलं, तिसरे आलो. सुनीलशिवाय.

परभणीचा डावखुरा
आणि त्यानंतर त्याच खालिदनं त्याला परत घेतलं. तुम्हाला खालिदपेक्षा जास्त कळायलंय का? ज्यानं २०१७ ला आयझॉलला आय-लीग जिंकून दिली, त्याला कळत नसेल कोण पळतं आणि कोण नाही?

लातूरची बाकावरची
तुम्ही दोघं वृत्ती वृत्ती करताय, पण पोरं शेवटची लीग मॅच कधी खेळली ते तरी आठवा. फुटबॉल महासंघ आणि आयएसएल चालवणारी एफएसडीएल कंपनी यांचा करार डिसेंबरला संपतोय, म्हणून जुलैपासून आयएसएल लटकलेली. बेंगळुरू एफसीनं ऑगस्टमध्ये पगार थांबवले. आमच्याकडं सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन पाण्यात गेलं, तेव्हा सगळेच बोलले की शेतकरी खचला. खचलेल्याची वृत्ती खराब आहे असं कोणी म्हणालं का? मग या पोरांनाच का?

आणि क्लबांचं बघा. काफाला मोहन बागाननं खेळाडू सोडलेच नाहीत, स्पर्धा फिफाच्या खिडकीबाहेर, म्हणजे क्लबांना खेळाडू सोडावेच लागतात त्या दिवसांच्या बाहेर, सुरू होतेय म्हणून. नियमानं ते बरोबरही आहे. पण शिव्या कोणाला, तर शिबिराला न आलेल्या खेळाडूला! ज्याचा करार क्लबकडं, तो काय उडी मारून येणार?

आमखासचा गोली
ताई, पगाराचं पटलं. पण लाल कार्डाचं काय? ते तर पगार थांबला म्हणून मिळालं नाही ना.

लातूरची बाकावरची
महिन्यापूर्वी इराणविरुद्ध ज्याच्या गालाचं हाड मोडलं, तो झिंगन सिंगापुरात डोकं घालायला परत उभा होता. चुकला, मान्य. पण वृत्तीवर बोलायला तुम्हाला दुसरा माणूस नाही भेटला?

हिंगोलीकर
आमच्याकडं जिल्ह्याच्या १९ वर्षांखालच्या निवडीला पोरगा घेऊन गेलतो. चाचणी दहा मिनिटांची, यादी आधीच खिशात. तिथं तर वृत्तीपण कोणी बघत नाही, आडनाव बघतेत. तुमचं राष्ट्रीय चालू द्या.

नांदेडचे काका (७८)
पोरांनो, जरा माझंही ऐका. आपण मराठवाड्याचे लोक १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतो. त्यानंतर बरोबर महिन्यानं भारतानं मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, चौथा आला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीमसाहेब, आपल्याच जुन्या राज्यातले. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघानं मुंबईत रोव्हर्स कप लागोपाठ पाच वेळा नेला होता, १९५० ते ५४. माझे वडील त्या संघाची नावं पाढ्यांसारखी म्हणायचे. आम्हाला पाढे येईनात आणि त्यांची नावं मात्र पाठ.

आता निवडीचं. १९६२, जाकार्ता आशियाई खेळ. जर्नेलसिंग बचावातला, डोक्याला टाके पडलेले. दुसऱ्या कोणी त्याला विश्रांती दिली असती किंवा शूर म्हणून मागंच उभं केलं असतं. रहीमसाहेबांनी त्याला पुढं खेळवलं. उपांत्य सामन्यात गोल, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध गोल. आणि गोलीभाऊ, हे खास तुमच्यासाठी: उपांत्य सामन्यात गोल बर्मननं राखला होता, जिंकूनही दिला होता. तरी फायनलला उंचपुऱ्या थंगराजला उभं केलं, आणि तो तापातून नुकताच उठलेला. बर्मनची वृत्ती वाईट होती का? समोर कोण आहे, त्याच्यापुढं आज कोण चालेल, एवढंच पाहिलं. २-१ नं सुवर्ण. रहीमसाहेब तेव्हा स्वतः आजारी होते, पुढच्या वर्षी गेले.

परभणीचा डावखुरा
काका, मंग तुमचं मत सुनीलच्या बाजूनं का रहीमच्या?

नांदेडचे काका (७८)
सिंगापूर मडगावला मागं बसून खेळेल, त्यांना बरोबरीही चालते. मागं बसलेल्या संघापुढं पळणारा काय करणार? पळायला जागाच नसते. तिथं पेटीत एका स्पर्शात मारणारा लागतो. तो कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आमखासचा गोली
काका, बर्मनचं ऐकून गोली म्हणून जरा लागलं. जिंकूनही बसवलं!

पण सिंगापूर मागं बसेल हे तुम्ही धरून चालताय. त्यांचा इक्सान फांदी पुढं आहे, परवा गोल त्यानंच मारला. ते पहिल्या वीस मिनिटांत एक मारून मग मागं बसतील. त्या वीस मिनिटांत त्यांच्या बचावाला पास नीट देऊ द्यायचा नसेल तर रहीमच हवा. सुनील साठाव्या मिनिटाला, तुमच्या त्या एका स्पर्शासाठी. एवढ्यावर मी अडून आहे.

लातूरची बाकावरची
आणि झिंगनच्या जागी? त्यावर कोणीच बोलत नाहीये.

परभणीचा डावखुरा
मधे बचावाला अन्वर अलीसोबत राहुल भेके. आपला मुंबईचा पोरगा. २०१९ ची आयएसएल फायनल ११७ व्या मिनिटाला हेडरनं कोणी जिंकून दिली? बेंगळुरूकडून, एफसी गोवाविरुद्धच. आता गोव्यातच खेळायचंय, तिथले लोक विसरले नसतील.

आमखासचा गोली
भेकेवर एकमत. सुनीलवर मंगळवारी रात्री बोलू. त्यानं सुरुवातीपासून खेळून गोल मारला तर क्रांती चौकात चहा माझ्याकडून, काकांना डबल.