मदत हवी आहे: कासवांच्या गोष्टीसाठी चित्रं आणि बोलीतले शब्द

नमस्कार मंडळी, मी लहान मुलांसाठी गोष्टी लिहिते आणि वेळ मिळेल तसं जलरंगात काहीबाही रंगवते. यंदा मार्चमध्ये वेळासला गेले होते, मंडणगड तालुक्यातलं, तिथे २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपतात. मादी रात्री येऊन एका खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि मागे वळूनही न बघता निघून जाते, मग गावातली माणसं ती कोल्ह्याकुत्र्यांपासून वाचवायला हॅचरीत (किनाऱ्यावरच अंडी उबवायला राखलेल्या जागेत) हलवतात, आणि साधारण पन्नास दिवसांनी टोपलीखाली हीऽऽ वळवळ!! पहाटे उठून बघितलं, डोळ्यात पाणीच आलं.

तर आता गोष्ट लिहायला घेतलीय पण अडलेय. माझी पिल्लं चित्रात अगदी वाळत घातलेल्या सांडग्यांसारखी दिसतायत (नवऱ्याची कमेंट, राग आला पण खरंय). ओल्या वाळूची चकाकी जलरंगात कशी आणायची, पांढरा कागद तसाच सोडायचा की नंतर गॉश (जलरंगासारखाच, पण अपारदर्शक रंग) मारायचा? कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड आहे.

आणि दापोली-गुहागरकडचं कोणी असेल तर प्लीज सांगा, तुमच्याकडे कोळी लोक समुद्री कासवाला काय म्हणतात? पुस्तकी शब्द नकोत, आजी जे म्हणायची ते हवंय.

अजून एक, वाळू जास्त तापली की माद्या जास्त जन्मतात, हे आठ वर्षांच्या पोरांना लेक्चर न देता गोष्टीत कसं घालू?