हर की दून (उत्तराखंड) ट्रेक ग्रुप: पाण्याचं काय करायचं?

मृणाल (ए-२०३): वर ३५०० मीटरवर पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं ना? मग जंतू मरतात का?

देशपांडे काका (सी-१०१): मरतात. तिथे डाळ शिजत नाही म्हणून तसं वाटतं, पण जंतू डाळीपेक्षा नाजूक. २००० मीटरच्या वर खळखळून उकळी फुटली की ३ मिनिटं धरायची. कडेला बुडबुडे आले म्हणजे उकळी नव्हे. आणि झाकण ठेवा, गॅस वाचतो.

निखिल (बी-४०२): काका, ८ जणांचं पिण्याचं पाणी उकळायला गॅस कुठून आणायचा? क्लोरीनच्या गोळ्या घेऊ.

स्वाती काकू (ए-५०१): घ्या, पण पाकीट वाचून. २० लिटरसाठीचीही गोळी मिळते, ती बाटलीत टाकाल. १ लिटरचीच मागा. पाणी गढूळ असेल तर आधी चौपदरी सुती कापडातून गाळा, नाहीतर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. बर्फाच्या पाण्यात काम मंदावतं, म्हणून ३० मिनिटांऐवजी तासभर थांबा. गोळी विरघळली की झाकण थोडं सैल करून बाटली उलटी धरा, आट्यांतून पाणी वाहू दे. तिथलं कच्चं पाणी सगळे विसरतात.

निखिल: वास येतो त्याचा. लिंबू पिळलं तर?

स्वाती काकू: वेळ पूर्ण झाल्यावरच. क जीवनसत्त्व क्लोरीन मारून टाकतं. आधी पिळलंत तर नुसतं सरबत.

देशपांडे काका: क्रिप्टोस्पोरिडियम, म्हणजे जुलाब लावणारा एक सूक्ष्म परजीवी, मात्र गोळीला दाद देत नाही. वर मेंढ्या, खेचरं चरतात. झरा काचेसारखा दिसला म्हणून भुलू नका.

मृणाल: मग ०.१ मायक्रॉनचा फिल्टर?

स्वाती काकू: उत्तम. क्रिप्टो, तसलाच दुसरा परजीवी जियार्डिया, आणि जिवाणू अडकतात. विषाणू सुटतात, म्हणून गावाच्या खालच्या अंगाचं पाणी असेल तर फिल्टर करून वर गोळी. धार मंदावली की सोबतच्या सिरिंजने स्वच्छ पाणी उलट दिशेने मारा. मुख्य म्हणजे वापरलेला फिल्टर गोठू देऊ नका. आतले पोकळ तंतू तडकतात, बाहेरून काही दिसत नाही, पाणी छान येत राहतं. रात्री पिशवीत गुंडाळून स्लीपिंग बॅगेत घ्या.

निखिल: फिल्टर २ घेतो. गोळ्या ८ जण, ४ लिटर, ५ दिवस… १६०?

देशपांडे काका: २०० घे. दात घासायलाही तेच पाणी लागेल.