पडला, पाडला की पडून घेतलं? (शब्दचर्चा: कॉमेंटेटरचा पक्षपात; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

शाहूपुरीकर

गेल्या आठवड्यात आमच्या कोल्हापुरातल्या शाहू स्टेडियमवरचा, दोन पेठांच्या संघांचा फुटबॉल सामना मोबाइलवर लाइव्ह बघत होतो. साधारण सत्तराव्या मिनिटाला शेजारी बसलेला चुलतभाऊ उखडला. "हा कॉमेंट्रीवाला त्यांच्या पेठेतला हाय." म्हटलं, कशावरून? त्याचं नाव माहीत नाही, तोंड दिसत नाही. "बोलण्यावरनं कळतंय की."

दुसऱ्या दिवशी मी रेकॉर्डिंग लावलं आणि चित्राकडे न बघता वही घेऊन दहा मिनिटं नुसतं ऐकलं. त्यांचे खेळाडू नावानं येत होते, एक-दोन तर घरच्या लाडक्या नावानं. आमचे 'नऊ नंबर', 'तो उंच खेळाडू', 'डिफेन्समधला एक जण'. ते 'चाल रचत' होते, आम्ही 'बॉल पुढं ढकलत' होतो. त्यांच्या कीपरच्या 'हातून बॉल सुटला', आमच्या कीपरनं 'बॉल सोडला'. आणि बॉक्समध्ये झटापट झाली की त्यांचा 'गडी पाडला', आमचा 'गडी पडला'. काय तो फरक, एका कान्याचा!

आता प्रश्न. याला 'पक्षपात' म्हणायचं का? मला तो शब्द फार मोठा वाटतो. त्यात लबाडीचा, कोर्टकचेरीचा वास आहे. या माणसानं खोटं एकही वाक्य उच्चारलं नाही. मराठीत यासाठी जरा नेमका शब्द आहे का? आणि ज्याच्या नावातच 'सम' आहे त्या समालोचकानं मुळात बाजू घ्यावीच का?

तळटीप

शेवटचं आधी. समालोचकातला 'सम' म्हणजे 'समान' नव्हे. तो 'सम्' हा उपसर्ग आहे, 'नीट, सगळ्या अंगांनी' या अर्थाचा. पुढे 'आ' आणि 'लोच्' धातू, म्हणजे पाहणे. आपलं 'लोचन' त्याच घरातलं. तेव्हा समालोचन म्हणजे चहूबाजूंनी पाहणं. दोन्ही संघांना सारखं माप द्यायचं वचन त्या शब्दानं दिलेलं नाही. हिंदीत 'आलोचना' घसरत घसरत टीकेवर, निंदेवर आली; मराठीत तसं झालं नाही.

'पक्षपात' मात्र गमतीचा आहे. पक्ष म्हणजे पंख आणि बाजूही. पात म्हणजे पडणं. एका बाजूला पडणं, कलंडणं. संस्कृतात हा शब्द एखाद्याविषयीची ओढ, जिव्हाळा या अर्थानंही येतो आणि तिथे त्यात दोष असतोच असं नाही. लबाडीचा वास त्याला नंतर चिकटला. उलट बाजूला दोन शब्द आहेत आणि आपण ते उगाच एक समजतो. 'तटस्थ' म्हणजे काठावर उभा असलेला. त्याला पाण्याशी घेणंदेणं असू शकतं, पण तो उतरलेला नाही. 'त्रयस्थ' म्हणजे दोघांच्या भांडणातला तिसरा, ज्याचा संबंधच नाही. कॉमेंटेटर तटस्थ असावा ही मागणी रास्त आहे. तो त्रयस्थ असावा म्हणणं म्हणजे फुटबॉल न आवडणारा माणूस आणून बसवणं.

(जाता जाता: 'निष्पक्ष' ऐवजी 'निःपक्षपाती' लिहा हो. निष्पक्ष म्हटलं की मला पंख छाटलेला पक्षी दिसतो.)

अर्धवेळ

घरात कुणी 'समालोचन' म्हणतं का? कॉमेंट्री म्हणा आणि मोकळे व्हा.

तळटीप

म्हणा की. पण बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत ऐकवलं, तेव्हापासून 'धावतं समालोचन' आणि 'धावतं वर्णन' असे दोन्ही शब्द चालत आले आहेत. एकाच कामाला दोन शब्द कशाला, असं वाटायचं. या धाग्यामुळे वाटतंय की ती दोन कामं आहेत.

मडगाव व्हाया मस्कत

अगदी दोन कामं आहेत. ब्राझीलमध्ये त्यांची नावंही वेगळी. खेळ सांगतो तो 'नार्रादोर', मत देतो तो 'कोमेन्तारिस्ता'. अर्जेंटिनात सांगणाऱ्याला 'रेलातोर' म्हणतात. गोष्ट सांगणारा, आपल्या भाषेत कथेकरी. इंग्रजीनं दोघांना एकाच शब्दात कोंबलं आणि आपण तिथून उचललं.

कथेकऱ्याकडून तटस्थपणा कोण मागतं? 1986 च्या विश्वचषकात मॅराडोनानं इंग्लंडचे एकामागून एक गडी मागे टाकत जो दुसरा गोल केला, त्याचं व्हिक्टर ह्यूगो मोरालेस यांनी केलेलं वर्णन आजही त्या चित्रफितीवर चढवून ऐकवतात. मूळ रेडिओवरचं. मॅराडोनाला 'अंतराळातला पतंग' म्हणत, कुठल्या ग्रहावरून आलास म्हणून विचारत, शेवटी रडत देवाचे आभार. आणि हा माणूस जन्मानं अर्जेंटिनाचा नव्हे, उरुग्वेचा! टीव्हीवरचं उदाहरण हवं तर 1994 ची अंतिम लढत. ब्राझीलनं चौथ्यांदा कप जिंकला तेव्हा गाल्वाओ बुएनो शेजारच्या पेलेच्या गळ्यात पडून 'तेत्रा, तेत्रा' म्हणजे 'चौथ्यांदा' असं ओरडत होते. आमच्याकडे ब्राझीलचे झेंडे लावणारी घरं कमी नाहीत, तिथे हे पाहून कुणी 'पक्षपाती' म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

अर्धवेळ

नॉर्वेवाला विसरलात. 1981, ओस्लोत नॉर्वेनं इंग्लंडला 2-1 हरवलं आणि ब्यॉर्गे लिलेलिएन माइकवरून नेल्सन, चर्चिल, लेडी डायना, मॅगी थॅचर अशी एकेकाला नाव घेऊन हाक मारत तुमच्या पोरांनी सपाटून मार खाल्ला म्हणाला. रेडिओच तोही. पण भांडण कसं करावं तर असं.

शाहूपुरीकर

हे सगळे आपल्या देशासाठी, आपल्याच लोकांशी बोलत होते. (मोरालेस उरुग्वेचे खरे, पण ऐकणारे अर्जेंटिनाचेच.) ऐकणाराही त्याच बाजूचा. इथेच मला मराठीची एक सोय दिसते. इंग्रजीत 'वुई' म्हटलं की कोण कोण आत, ते कळत नाही. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. बुएनो मराठीत बोलले असते तर "आपण जिंकलो" म्हणाले असते आणि ते बरोबर ठरलं असतं, कारण ऐकणारा आत आहे. शाहू स्टेडियमवर मात्र निम्मे लोक या पेठेचे, निम्मे त्या. तिथे "आपली पोरं आज भारी खेळत्यात" असं माइकवर म्हणणारा निम्म्या श्रोत्यांना दाराबाहेर काढतो. "आमची पोरं" म्हणाला असता तर मला निदान कळलं असतं की बाबा कुठला आहे. मी त्याला हिशेबात धरून ऐकलं असतं.

आमच्याकडच्या कुस्ती मैदानात हे फार छान सांभाळतात. जुना निवेदक दोन्ही पैलवानांची तालीम, वस्ताद, गाव सारख्याच इतमामानं सांगतो. एकाचा वस्ताद सांगितला आणि दुसऱ्याचा गाळला, तर मैदान ऐकून घेत नाही. फुटबॉलच्या माइकवर ती शिस्त अजून आलेली नाही. एकाला लाडकं नाव आणि दुसऱ्याला नऊ नंबर, हे कुस्तीत चाललं नसतं.

क्रियापद

मूळ पोस्टमधला खरा माल त्या कान्यात आहे आणि त्यावर कुणीच बोललं नाही.

मराठीत अशा जोड्या ढिगानं आहेत. पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे. पहिल्यात गोष्ट आपोआप घडते. दुसऱ्यात कुणीतरी ती करतो आणि म्हणून जबाबदारही असतो. रेफ्रीला शिट्टी फुंकायला दोन-तीन सेकंद लागतात, रिप्ले यायला आणखी वेळ. कॉमेंटेटरला क्रियापद त्याआधी निवडावं लागतं. 'पडला' म्हणाला तर खेळ चालू. 'पाडला' म्हणाला तर त्यानं पेनल्टी देऊन टाकली. आणि तिसरा पर्याय आपल्या भाषेनं काय झकास दिलाय: 'पडून घेतलं'. त्या 'घेतलं'मध्ये फायदा पडणाऱ्याचा, बेतही त्याचाच. म्हणजे पिवळं कार्ड.

एक प्रसंग तिन्ही क्रियापदांचा. 26 जून 2006, कैसरस्लाउटर्न, विश्वचषकाची बाद फेरी, इटली विरुद्ध ऑस्ट्रेलिया. इटलीचे दहाच जण उरलेले, 0-0, नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेची शेवटची मिनिटं. डावा बॅक फाबियो ग्रोसो बॉक्समध्ये शिरला, लुकास नील आडवा घसरला आणि ग्रोसो त्याच्यावरून गेला. पेनल्टी. टोट्टीनं मारली, इटली पुढच्या फेरीत. चीनच्या सरकारी वाहिनीवर ह्वांग च्यान्शियांग कॉमेंट्री करत होते. त्यांचा बांधच फुटला. इटलीचा महान डावा बॅक, इटली चिरायू होवो, इटलीचा जुना डावा बॅक माल्दिनीला वाढदिवसाच्या शुभेच्छा (त्या दिवशी खरंच होता, पण माल्दिनी त्या संघातही नव्हता!). त्यांचा सूर 'पाडला'चा. ऑस्ट्रेलियात अजूनही 'पडून घेतलं' म्हणतात. ग्रोसोनं काही वर्षांनी सांगितलं की आपण ते जरा वाढवून केलं असावं. म्हणजे पडला, पाडला आणि पडून घेतलं, तिन्ही थोडं थोडं. ह्वांगना दुसऱ्या दिवशी माफी मागावी लागली आणि त्याच वर्षी त्यांनी ती वाहिनी सोडली.

मजा बघा, चीनचा त्या सामन्याशी काही संबंध नव्हता. तळटीप यांच्या भाषेत हा माणूस पक्का त्रयस्थ. तरी तटावरून थेट पाण्यात.

अर्धवेळ

मग गॅरी नेव्हिलला काय म्हणणार? 2012 ची चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, बार्सिलोनात टोरेस एकटा धावत गेला आणि चेल्सीचा गोल झाला, तेव्हा नेव्हिलच्या तोंडून जो आवाज निघाला त्याला कुठल्याच कोशात शब्द नाही. आणि तो मँचेस्टर युनायटेडचा! चेल्सीशी नातं शून्य.

क्रियापद

त्याला 'उद्गारवाची अव्यय' म्हणणार. त्याला बाजू नसते.

दुबईकर

माझं जरा वेगळं मत. आपण प्रीमियर लीग बघतो त्यात बहुतेक वेळा जगभर जाणारी एकच कॉमेंट्री असते. एकच आवाज. तरी आमच्या ग्रुपवर लिव्हरपूलवाला म्हणतो हा युनायटेडचा चमचा, आणि युनायटेडवाला म्हणतो हा लिव्हरपूलची तळी उचलतो. दोघेही शंभर टक्के खात्रीनं. एकाच वेळी दोन तळ्या कशा उचलेल तो?

यावर जुना अभ्यास आहे. 1951 मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा हाणामारीचा सामना झाला. नंतर हॅस्टॉर्फ आणि कॅन्ट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना एकच फिल्म दाखवून फाऊल मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या पोरांना डार्टमथचे जितके फाऊल दिसले, त्याच्या जेमतेम निम्मे डार्टमथच्या पोरांना दिसले. फिल्म तीच. तिथे तर कॉमेंट्रीवर खापर फोडायचीही सोय नव्हती.

मडगाव व्हाया मस्कत

हे मान्य. पण ऐकणाऱ्याचा कान वाकडा म्हणून बोलणाऱ्याची जीभ सरळ ठरत नाही. 2020 मध्ये रनरिपीट नावाच्या डॅनिश कंपनीनं इंग्लंडच्या खेळाडू संघटनेबरोबर 80 सामन्यांची इंग्रजी कॉमेंट्री तपासली, दोन हजारांवर विधानं. बुद्धी आणि मेहनत यांचं कौतुक गोऱ्या खेळाडूंच्या वाट्याला जास्त, ताकद आणि वेग यांचं सावळ्या-काळ्या खेळाडूंच्या. ही वाक्यं स्तुतीचीच. त्यामुळे ऐकताना कुणाला खटकत नाही. 'डोकं लावून पास दिला' आणि 'काय दणकट आहे!' ही दोन्ही वाक्यं गोडच आहेत. हजार वेळा ऐकल्यावर मात्र एकाला डोकं उरतं आणि दुसऱ्याला मांड्या.

याला मी पक्षपात म्हणणार नाही. बोलणाऱ्याला आपण कुठली बाजू घेतोय हे ठाऊकच नसतं. 'पूर्वग्रह' बरा.

तळटीप

तर मग वाटणी अशी करून पाहू. बुएनो आणि लिलेलिएन यांची ती 'ओढ', उघडी, छातीवर लावलेली. ह्वांग यांनी 'कड घेतली'. 2020 च्या अभ्यासातला 'पूर्वग्रह'. आणि शाहूपुरीकरांच्या कॉमेंट्रीवाल्यासाठी आपल्याकडे बाजारातला शब्द तयार आहे: 'झुकतं माप'. तराजू तोच, वजनं खरी, खोटेपणा काही नाही, फक्त एक पारडं बोटभर खाली. 'तळी उचलणे' इथे नको. जेजुरीच्या खंडोबाची तळी सगळ्यांसमोर, 'येळकोट' गर्जून उचलतात. झुकतं माप गुपचूप दिलं जातं.

शेजारी बसणाऱ्या जुन्या खेळाडूला, म्हणजे मडगावकरांच्या कोमेन्तारिस्ताला, एकच शब्द कुणी सुचवेल का?

शाहूपुरीकर

झीलकरी! शाहिरानं ओळ टाकली की मागून झील धरणारा. आमच्या त्या सामन्यात दुसरा जण पूर्ण वेळ तेवढंच करत होता. "बरोबर हाय", "अगदी बरोबर हाय."

क्रियापद

शब्द गोड आहे, पण झीलकऱ्यानं शाहिराला खोडून काढलं तर पोवाडा बसतो. इथे तर खोडून काढण्याचेच पैसे मिळतात. 'पाडला' म्हणणाऱ्याला रिप्ले बघून "नाही हो, पडून घेतलं त्यानं" असं सांगणारा हवा. वर्णन करणारा 'वर्णनकार' आणि हा खरा 'समालोचक', असं केलं तर जुने दोन्ही शब्द कामाला लागतात.

शाहूपुरीकर

हे पटलं. आता एक कबुली. दुबईकरांचं वाचून मी ते रेकॉर्डिंग हेडफोन लावून परत ऐकलं. वहीत त्रेसष्टाव्या मिनिटापुढे मी लिहिलंय: "आमचा गडी पडला." मागं ढोल वाजतोय, आवाज फाटलाय, पण चार वेळा लावून बघितलं. तो "पाडला" म्हणतोय. कान्यासकट.

बाकीची नऊ मिनिटं परत तपासायला घेतलीत. चुलतभावाला अजून सांगितलेलं नाही.