रस, सूर, भाव: संज्ञा आधी की कविता?

गोदाकाठ:
परभणी जिल्ह्यात आठवी ते दहावीला मराठी शिकवते. माझं मत सरळ सांगते: साहित्याच्या संज्ञा आधी आणि कविता नंतर, या क्रमाने मुलांचं नुकसान होतं. दहावीच्या रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे मुद्दे असतात. मुद्द्यांबद्दल तक्रार नाही. पण मुलं गाईडमधली वाक्यं पाठ करतात: 'कवीने करुण रसाचा परिणामकारक वापर केला आहे', 'भाषा साधी, सोपी व ओघवती आहे'. कविता आईवरची असो, दुष्काळावरची असो की नदीवरची, उत्तरपत्रिकेत हीच वाक्यं. शब्द पाठ झाला, त्या शब्दाने कवितेत काय बघायचं ते मात्र आलंच नाही.

बरं, या मुलांकडे मनःस्थितीचे शब्द कमी आहेत असंही नाही. पुण्याला गेलेला मुलगा पोचला की नाही याची हुरहूर, भांडण मिटवायचं राहिलं आणि माणूसच गेला त्याची रुखरुख, शेजाऱ्याची ज्वारी गारपिटीत आडवी झाली की हळहळ, निकालाच्या आदल्या रात्रीची घालमेल. हुरहुरीत अजून काही घडायचं बाकी असतं, रुखरुखीत घडून गेलेलं असतं. एवढा बारीक फरक ज्याला घरी कळतो, तो पेपरात 'कवी दुःखी आहे' याच्या पुढे का जात नाही? घरातला शब्द पेपरात चालत नाही, हे आपणच त्याच्या मनावर बिंबवलंय. आधी विचारा की ही कविता वाचून तुला काय झालं, आणि कोणत्या ओळीने झालं. संज्ञा त्यानंतर द्या.

मांजरा:
ताई, गाईडवरचा राग रास्त आहे, पण तो संज्ञांवर काढू नका. मी लातूरला सेट-नेटची, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षांची, तयारी करून घेतो. तिथं साहित्यशास्त्र टाळता येत नाही. ज्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट होतं ती मुलं तरून जातात. खेड्यातून आलेला, ओव्या-अभंग तोंडपाठ असलेला पोरगा 'विभाव' शब्दापाशी अडतो, कारण तो त्याला एम.ए.पर्यंत कुणी नीट समजावलेलाच नसतो. संज्ञा उशिरा दिली की मार त्यालाच बसतो.

आणि तुम्ही दिलेलं वाक्य बघा. 'करुण रसाचा वापर केला' हे संज्ञा शिकल्यामुळं लिहिलेलं नाही, न शिकल्यामुळं लिहिलंय. रस ही कवीनं वापरायची वस्तू नाही. तो वाचणाऱ्याच्या, बघणाऱ्याच्या मनात निष्पन्न होतो; 'नाट्यशास्त्र' लिहिणाऱ्या भरतमुनींच्या रससूत्रातला शब्दच 'निष्पत्ति' आहे. दुबार पेरणीही वाया गेलेल्या शेतकऱ्यावरची कविता घ्या. करपलेलं रान हा विभाव, म्हणजे भावनेचं कारण. तो बांधावर बसून ढेकूळ हातात चुरत राहतो, हा अनुभाव, म्हणजे बाहेर दिसणारी खूण. मधेच मागच्या सुगीची आठवण येऊन जाते, ती 'स्मृती', हा व्यभिचारी भाव, म्हणजे मधेच येऊन जाणारा भाव. या सगळ्याच्या तळाशी शोक हा स्थायीभाव, म्हणजे टिकून राहणारा मूळ भाव, आणि वाचणाऱ्याला येतो तो करुणाचा अनुभव. आता या मुलाला कवितेत बोट कुठं कुठं ठेवायचं ते कळलं. नुसतं 'तुला काय झालं' विचारल्यावर तो 'वाईट वाटलं' म्हणून खाली बसतो. पुढं जायला त्याच्या हातात काय आहे?

बिंदुसरा:
दोघंही भावाबद्दल बोलताय, सूर राहूनच गेला. भाव म्हणजे कवितेत पसरलेली मनःस्थिती, सूर म्हणजे बोलणाऱ्याची त्या गोष्टीकडे बघायची वृत्ती. या दोन्हींत मुलं हमखास गल्लत करतात. आमच्या बीडकडची तीन वाक्यं घ्या:

आला एकदाचा पाऊस.
आला गं बाई पाऊस!
आता आला पाऊस?

बातमी एकच आहे. पहिल्यात सुटका, दुसऱ्यात उमाळा, तिसऱ्यात पीक गेल्यावरचा वैताग. यात कुठला रस ते विचारून उपयोग नाही. एकनाथांचं विंचवाचं भारूड बघा. सोंग, आरडाओरडा, लोक हसून लोटपोट. पण तो विंचू काम-क्रोधाचा आहे. सूर गमतीचा आणि आशय गंभीर. 'हास्यरस' लिहिणारा मुलगा अर्ध्यावरच थांबला.

मांजरा:
तिसऱ्या वाक्यालाही आपल्याकडं संज्ञा आहे: काकू. आवाजाच्या चढउतारानं अर्थ पालटतो, तो प्रकार. भारुडात वरच्या अर्थाखाली दुसरा अर्थ आहे, ती व्यंजना. शब्दशक्तींमध्ये, म्हणजे शब्द अर्थ कसा देतो त्या प्रकारांत, अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकवतातच की. जुनं साहित्यशास्त्र म्हणजे फक्त नऊ रसांचा तक्ता, असं धरून चालू नका. तसंही भरतानं आठच सांगितले, शांत नंतर आला.

दखनी:
मी संभाजीनगरचा. आमच्या आजोबांची पिढी निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकली. ते कुणाचंही बोलणं ऐकलं की आधी 'लहजा', म्हणजे बोलण्याची ढब, बघायचे, अर्थ नंतर. वली आणि सिराज याच शहराशी जोडलेले शायर, आणि शेर तर कानानेच ऐकायची गोष्ट. म्हणून मला तुमचा आधी-नंतरचा वाद दुय्यम वाटतो. वर्गात कविता मोठ्याने वाचली जाते का? बिंदुसरांची तीन वाक्यं नुसती छापून दिली तर पहिल्या दोन्हींवर मुलं 'आनंद' लिहून मोकळी होतील. सूर ओळखायची परीक्षा लेखी, आणि सराव मुक्याने. मग संज्ञा कितीही लवकर द्या नाही तर उशिरा.

गोदाकाठ:
मोठ्याने वाचण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण चाळीस मिनिटांच्या तासाला साठ मुलं असतात, हेही धरा. निदान पहिलं वाचन शिक्षकाने मन लावून करावं, एवढं तरी जमतं.

मांजरा सर, ढेकळाचं उदाहरण मला पटलं. पण तुम्ही स्वतः काय केलंत बघा: आधी रान दाखवलंत, ढेकूळ दाखवलंत, मग 'अनुभाव' म्हणालात. शाळेत नेमकं उलटं चालतं. फळ्यावर व्याख्या, खाली उदाहरण, वहीत दोन्ही उतरवा. आठवीच्या मुलाला 'काकू' जरूर शिकवीन, पण पावसाची तिन्ही वाक्यं त्याच्या तोंडून वदवून घेतल्यावरच. आणि हुरहूर, रुखरुख हे शब्द उत्तरात आले तर गुण कापायचे नाहीत, हे आम्हा शिक्षकांना आधी एकमेकांत ठरवावं लागेल. काही जण त्याला 'बोलीभाषा' म्हणून लाल रेघ मारतात. याचा मला फार त्रास होतो.

एक काम कराल? 33 व्यभिचारी भावांपैकी शाळेत चालतील असे सात-आठ निवडून द्या. त्यांच्यासमोर घरचे शब्द मी मुलांकडूनच लिहून घेते.

मांजरा:
निर्वेद, विषाद, दैन्य, चिंता, स्मृती, औत्सुक्य, गर्व, व्रीडा. निर्वेद म्हणजे विरक्ती, व्रीडा म्हणजे लाज, संकोच. औत्सुक्याजवळ तुमची हुरहूर बसते का ते मुलांनाच विचारा. मला वाटतं थोडी बसते, थोडी चिंतेकडं झुकते. विषादासमोर काय येतं ते वाचायला मला खरंच आवडेल. क्रमाबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही: आठवीत यातली निदान चार नावं मुलाच्या कानावर पडलीच पाहिजेत.