ओसीडीवर मशरूमचा उपचार: मागवावं का?

कास्तकार_आर्णी
नमस्कार मंडळी. लहान भावाबद्दल विचारायचं आहे. पराटीवर फवारा मारून आला की हात धुवायला बसतो तो उठतच नाही. बोटांच्या पेरांतून रक्त निघतं, तरी "दादा, औषधाचा वास येते ना अजून?" नाही म्हटलं की थोड्या वेळानं पुन्हा तेच. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तेव्हापासून हे डोक्यात बसलं. आता आईनं भरलेला डबाही उघडत नाही. डॉक्टरांनी ओसीडी, म्हणजे नको ते विचार येऊन तीच कृती पुन्हा पुन्हा करायचा आजार, सांगून गोळी सुरू केली. महिना झाला, फरक नाही. परदेशात मशरूममधल्या सायलोसायबिन नावाच्या भास आणणाऱ्या द्रव्यानं हे बरं होते असं त्यानं मोबाईलवर पाहिलं. एक जण कुरिअरनं पाठवतो म्हणते. घेऊ द्यावं का?

सेलूची_ताई
दादा, अजिबात नको. मी स्वतः या आजारातून गेले आहे, म्हणून कळकळीनं सांगते. अ‍ॅरिझोना विद्यापीठात २००६ साली अभ्यास झाला, त्यात पेशंट फक्त ९. लक्षणं कमी झाली हे खरं, पण ती दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली, आणि बहुतेकांची थोड्या काळापुरती. आपल्याकडे ते जवळ ठेवणं अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यानं गुन्हा आहे. कुरिअरच्या पुडीत काय निघेल, कोण सांगणार?

महिन्यात फरक नाही म्हणून हात टेकू नका. ओसीडीत गोळीला ८ ते १२ आठवडे लागतात, डोसही बरेचदा जास्त लागतो. तो डॉक्टरांनाच वाढवू द्या. सोबत ईआरपी थेरपी विचारा, म्हणजे भीती वाटते त्याला हळूहळू सामोरं जायचं, पण धुणं टाळायचं. मला फाटकाची कडी धरून, हात न धुता तसंच बसवायचे. पहिल्यांदा जीव नुसता कासावीस झाला. मग भीती आपोआप उतरू लागली.

आणि "वास नाही येत" हे उत्तर घरच्यांनी हळूहळू बंद करायचं. माझी आई दरवेळी समजूत घालायची, त्यानं क्षणभर बरं वाटायचं आणि शंका दुप्पट व्हायची. मात्र आधी भावाशी बोलून ठरवा, अचानक तोडू नका.

धुऱ्यावरचा
ताईंचं बरोबर. फक्त फवारणीनंतर साबणानं अंघोळ आणि कपडे वेगळे धुणं हे लागतंच, तो आजार नव्हे. किती धुणं पुरे, ते डॉक्टरांसमोर ठरवून घ्या. आणि धुऱ्यावरचे अनोळखी टेकोडे (रानातले मशरूम) तर त्याला तोंडातही घालू देऊ नका, जीव जाते. मध्येच बोलायचं असलं तर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

कास्तकार_आर्णी
ताई, ही थेरपी यवतमाळात होते का, की नागपूरलाच न्यावं लागन?