शब्दचर्चा: डीकॅलचा रंग ‘फिका’ करायचा की भडकपणा ‘मारायचा’?

१/७२ प्रमाणातलं सुखोई-३० लढाऊ विमानाचं मॉडेल करतोय. करडा रंग छान बसला, पण पंखांवरची डीकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं), म्हणजे केशरी-पांढरी-हिरवी वर्तुळं, कालच रंगवल्यासारखी डोळ्यांत येतात. सोसायटीतल्या मुलांसाठी मराठीत कृती लिहायची आहे. ‘टोन डाउन’ला ‘फिके करणे’ चालेल का?

– फिके नको. फिकट निळा शर्ट आपण हौसेनं घेतो. फिका पडतो तो चेहरा. त्यात काहीतरी कमी पडल्याची तक्रार असते. ‘रंग उतरवणे’ही टाळा, मुलं सरळ खरवडायला बसतील.

– मग ‘विटका’? पुण्यात लोहगावच्या हवाई तळावर सुखोई-३० एमकेआय २००२ मध्ये दाखल झाली. इतकं ऊन-पाऊस खाल्ल्यावर रंग विटणारच की.

– विटतो तो उन्हानं, नाहीतर धुऊन धुऊन. नवंकोरं विमान करायचं असलं तरी डीकॅल भडकच दिसतं, त्याचं काय? १/७२ मॉडेल ३० सेंटीमीटरवरून बघणं म्हणजे खरं विमान साधारण २२ मीटरवरून बघणं. अंतरानं रंगाचा जोर कमी होतो. पर्वतीवरून सिंहगड बघा, पावसाळ्यातही निळसर-करडाच दिसतो. त्याला ‘धूसर’ म्हणा. (बावीस मीटर हवेनं असा कितीसा फरक पडणार, हा वाद मॉडेलवाल्यांत जुना आहे. पण इतक्या लहान वस्तूवर भरदार रंग खेळण्यासारखा दिसतो, हे कुणीही मान्य करेल.)

– धूसर हे विशेषण झालं, त्यांना क्रियापद हवंय. आमटीचा आंबटपणा गुळानं मारतात ना? आंबटपणा जात नाही, टोचायचा थांबतो. तसा ‘भडकपणा मारणे’. पुस्तकी ‘सौम्य करणे’पेक्षा मुलांना हे लगेच कळेल.

– पण ‘रंग मारणे’ म्हणजे रंगवणे! रंग मारून भडकपणा मारायचा?

– अहो, अगदी तेच करायचंय! डीकॅल ग्लॉस (चकचकीत) वार्निशवर बसवायचं, वाळलं की वरून पुन्हा वार्निश. मग विमानाचाच करडा रंग, थेंबभर पांढरा घालून, थिनरमध्ये इतका पातळ करायचा की गढूळ पाणी वाटावं. एअरब्रशनं (हवेनं रंग फवारणाऱ्या ब्रशनं) लांबून हलके हात फिरवायचे आणि दर वेळी थांबून बघायचं. एका दमात मारलात तर वर्तुळाभोवती ढग उठतो. शेवटी मॅट (बिनचमकीचं) वार्निश. निम्मा भडकपणा तर त्यानंच मरतो, म्हणून आधी थोडं कमीच फवारा.

– मथळ्यात ‘भडकपणा मारणे’ घेतो. फवाऱ्यानंतर जे दिसतं ती करडी ‘छटा’ की ‘झाक’?

– झाक. छटा रंगाची स्वतःची असते, झाक दुसऱ्या रंगाची वरून येते. ‘केशरीवर करडी झाक’ असं लिहा.